रेघ ओढली जाण्याआधी बोला
शहराची वाढती हद्द, गावचे घर आणि आपले शिवार



शहर एका रात्रीत गावात येत नाही. आधी येतो तो दलाल. मोटारसायकल बांधावर लावून "एकराला काय भाव चाललाय?" असे सहज विचारून जातो. मग वर्ष-दोन वर्षांत शेजारच्या रानात दगड रोवले जातात, चुन्याच्या रेघा पडतात आणि रस्त्याकडेला "प्लॉट विकणे आहे" अशी पाटी उभी राहते. याच सुमारास केव्हातरी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात एक जाहीर सूचना येते. विकास आराखड्याची असेल, नाही तर हद्दवाढीची. "हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत" असे तिच्यात लिहिलेले असते.

ही सूचना गावात फारसे कोणी वाचत नाही. दलाल मात्र वाचतो. पुढे कोणाच्या हाती काय राहते, याचा निम्मा निकाल तेथेच लागतो.

शहराच्या दहा-वीस किलोमीटरच्या परिसरात ज्यांची जमीन आहे, त्या प्रत्येक घरासाठी हा लेख आहे. शहरे वाढणार. कामाला आलेल्या माणसांना घरे लागणार आणि घरांना जमीन लागणार. ते कोणी थांबवू शकत नाही. परंतु शहर कोठवर यावे, कोणत्या रानात घरे व्हावीत, कोणते रान शेतीला राखावे आणि रस्ता कोणाच्या विहिरीवरून जावा, हे ठरवताना जमीन कसणाऱ्याला बोलण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. हा हक्क ठराविक दिवसांपुरताच असतो. ते दिवस सरले की मग कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

चार रेघा, चार कारभार

"आमचे गाव शहरात गेले" असे आपण एका दमात म्हणतो. पण नकाशावर चार निरनिराळ्या रेघा असतात. त्या नीट ओळखल्या पाहिजेत.

पहिली रेघ गावठाणाची. ही महसूल खात्याची. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १२२ प्रमाणे गावठाणाची हद्द जिल्हाधिकारी ठरवतात. आपल्या बहुतेक गावांची गावठाणे आजोबा-पणजोबांच्या काळातली आहेत. माणसे वाढली, हद्द तेवढीच राहिली. त्यामुळे धाकट्या भावाने घर बांधायचे म्हटले की ते शेतातच बांधावे लागते. गावठाणातील घराला सातबारा नसतो, म्हणून कित्येक घरांना मालकीचा धड कागदही नव्हता. हा कागद देण्यासाठी ड्रोन विमानाने मोजणी करण्याचा पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावी झाला. पुढे २०२० साली केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली आणि गावोगाव मिळकत पत्रिका मिळू लागल्या. तुमच्या घराची पत्रिका झाली नसेल तर भूमी अभिलेख कार्यालयात चौकशी करा. शहर जवळ आले की अशा कागदाची किंमत दसपटीने वाढते.

गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत ज्यांची जमीन आहे, त्यांना घर बांधण्यासाठी बिनशेतीची वाट कायद्याने पुष्कळ सोपी केली आहे. ठरलेला आकार भरावा लागतो आणि बांधकामाचे नियम पाळावे लागतात. या बाबतीतले नियम अलीकडे वरचेवर बदलत आहेत, तेव्हा रक्कम आणि रीत तहसील कचेरीतच विचारावी. जमीन भोगवटादार वर्ग दोनची असेल तर आधी ती अडचण दूर करावी लागते, हेही विसरू नये.

दुसरी रेघ नगरपालिकेच्या किंवा महानगरपालिकेच्या हद्दीची. ही कारभाराची रेघ. ती गावावरून पुढे सरकली की ग्रामपंचायत संपते, सरपंच जातो, ग्रामसभा जाते. पाणी, दिवे, गटार आणि घरपट्टी या गोष्टी पालिकेकडे जातात. जमिनीची मालकी मात्र बदलत नाही. सातबारा आपल्याच नावे राहतो.

तिसरी रेघ आराखड्यातील रंगांची. कोणती जमीन कशासाठी वापरावी, हे ही रेघ सांगते. नकाशावर निवासी भाग पिवळा असतो आणि शेतीचा भाग हिरवा. म्हणूनच लोक "येलो झोन" आणि "ग्रीन झोन" म्हणतात. गाव पालिकेच्या हद्दीत असूनही जमीन हिरव्यात असू शकते, तसेच हद्दीबाहेर असूनही ती प्रादेशिक योजनेत पिवळी दाखविलेली असू शकते. पुष्कळ जण येथेच फसतात. "गाव कॉर्पोरेशनमध्ये आले, आता प्लॉट पाडायला हरकत नाही," असे कोणी म्हणाले तर ते खरे मानू नका.

चौथी रेघ आरक्षणाची आणि रस्त्याची. शाळा, दवाखाना, बाग, बाजार, पाण्याची टाकी यांसाठी राखलेल्या जागा आणि नवे रस्ते या रेघांनी दाखवितात. १:१०,००० प्रमाणाच्या नकाशावर २४ मीटर रुंदीचा रस्ता अडीच मिलिमीटरही भरत नाही. पण तोच रस्ता तुमच्या रानातून १०० मीटर गेला तर सुमारे २४ गुंठे जमीन त्याखाली जाते. तीन एकरांच्या मालकाचा पाचवा हिस्सा झाला की नाही? आणि तो रस्ता मधोमध गेला तर विहीर एकीकडे आणि ऊस दुसरीकडे, अशी गत व्हायची.

पुण्याभोवतीच्या गावांनी काय पाहिले

हद्दीची रेघ कशी पुढे-मागे होते, याचे मोठे उदाहरण पुण्याचे आहे. १९९७ साली पुण्याभोवतालची ३८ गावे महानगरपालिकेत घेण्यात आली. लोकांचा विरोध झाला आणि २००१ साली त्यांतली १५ गावे पुन्हा बाहेर काढण्यात आली. २०१७ साली ११ गावे आत आली. ३० जून २०२१ रोजी आणखी २३ गावे आली. पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची येथील लोकांनी वाढत्या मिळकत कराविरुद्ध आणि अपुऱ्या सोयींविरुद्ध आवाज उठविला. २०२४ साली ही दोन गावे पालिकेतून बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्यात आली.

एका पिढीच्या आत काही गावे आत गेली, बाहेर आली आणि पुन्हा आत गेली. या काळात बांधकामे काही थांबली नाहीत. कोणता आराखडा लागू, परवानगी कोणी द्यायची, पाणी कोणी पुरवायचे, याचा मेळ बसेपर्यंत इमारती उभ्या राहिल्या आणि रस्ते बोळासारखे उरले. घरे झाली, पण कित्येक ठिकाणी उन्हाळ्यात टँकर चुकला नाही.

पालिकेबाहेरच्या भागाचे नियोजन करण्यासाठी २०१५ साली पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. त्याचा प्रारूप आराखडा २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यावर हजारोंच्या संख्येने हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, प्रकरण उच्च न्यायालयातही गेले आणि शेवटी शासनाने तो आराखडा रद्द केला. नकाशा एकदा छापला म्हणजे तो दगडावरची रेघ झाला असे नव्हे, हे यावरून समजावे. मात्र ज्यांनी लेखी हरकत मुदतीत नोंदविली, त्यांचेच म्हणणे कागदावर राहते, हेही तितकेच खरे.

आराखडा कसा तयार होतो

आपल्या राज्यात हे सारे काम महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखाली चालते. त्याच्या पायऱ्या थोडक्यात अशा.

प्रथम नियोजन करणारी संस्था आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते. शासनाच्या राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रात तशी सूचना येते. हद्द कोठून कोठे, हे तेव्हाच कळते.

मग आज जमिनीवर काय काय आहे याची पाहणी होते आणि विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो. या नकाशाकडे आपले लोक लक्षच देत नाहीत. तुमची विहीर, बोअर, गोठा, राहते घर, फळबाग, पॉलिहाऊस, वहिवाटीची पाणंद त्यात दाखविली आहे काय? नसेल तर पुढे नकाशा काढणाऱ्याच्या दृष्टीने तेथे मोकळे रान असते. मोकळ्या रानावरून रस्ता नेणे सोपे वाटते.

त्यानंतर प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध होतो. हाच मोक्याचा क्षण. आराखड्याची प्रत कार्यालयात पाहण्यास ठेवतात आणि हरकती मागवितात. अलीकडे ही मुदत सामान्यतः ३० दिवसांची असते. तरी जाहीर सूचनेत दिलेली तारीख हीच खरी धरावी. आलेल्या हरकतींवर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. या समितीत पालिकेच्या सभासदांखेरीज जाणकार तज्ज्ञही नेमलेले असतात. सुधारलेला आराखडा शेवटी मंजुरीसाठी शासनाकडे जातो.

मंजूर आराखडा २० वर्षांतून एकदा तरी नव्याने तपासावा, असे कायदा सांगतो. म्हणजे या वेळी जे हुकले ते पुन्हा मागायला मुलगा कर्ता व्हावा लागतो. तीस दिवसांची किंमत यावरून ध्यानात घ्या.

हरकत कशी लिहावी

"माझी जमीन आहे, मी देणार नाही" एवढेच लिहिले तर समितीला त्यावर करण्यासारखे काही नसते. हरकतीत चार गोष्टी असाव्यात. गट नंबर आणि क्षेत्र. आराखड्यात त्या गटावर काय दाखविले आहे. त्याने नेमके काय नुकसान होते. आणि त्याऐवजी काय करता येईल.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. समजा, तीन एकर ओलिताच्या जमिनीच्या मधोमध रस्ता दाखविला आहे. तो बांधाच्या कडेने नेला तर दोन्ही बाजूंच्या मालकांची थोडी थोडी जमीन जाईल आणि विहीर वाचेल, असे नकाशावर आखून दाखवा. बागेचे आरक्षण बागायतीवर पडले असेल आणि जवळच पडीक सरकारी जमीन असेल, तर तिचा गट नंबर द्या. "हरकत" आणि "सूचना" असे दोन शब्द कायद्यात आहेत ते उगीच नाहीत.

अर्जाला सातबारा, आठ अ, मोजणीचा नकाशा, पिकाची नोंद आणि विहिरीचे छायाचित्र जोडावे. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात, एक द्यावी आणि दुसरीवर तारीख-शिक्क्यासह पोहोच घ्यावी. सुनावणीचे पत्र आले की काम बाजूला ठेवून जावे. ग्रामसभेचा ठराव अवश्य करावा, त्याने वजन पडते. पण ठराव झाला म्हणून आपला स्वतंत्र अर्ज टाळू नये. सामाईक खाते असेल तर सर्व खातेदारांच्या सह्या घ्याव्यात. भाऊ मुंबईला आणि बहीण सासरी असली तरी आधी फोन करून कळवावे.

आरक्षण पडले तर

आरक्षण पडले म्हणजे जमीन त्याच दिवशी गेली असे नाही. ती संपादन होईपर्यंत तुमचीच असते आणि तुम्ही ती कसू शकता. मात्र आरक्षणाविरुद्ध बांधकाम करता येत नाही आणि गिऱ्हाईकही जवळ येत नाही. मोबदला रोखीने मिळू शकतो किंवा त्याऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क, ज्याला लोक "टीडीआर" म्हणतात, तो घेता येतो. टीडीआर म्हणजे हातात पैसा नव्हे. तो बाजारात विकावा लागतो आणि त्याचा भाव खाली-वर होतो. तेव्हा सही करण्यापूर्वी हिशेब समजून घ्या.

पुष्कळ आरक्षणे वर्षानुवर्षे नुसती नकाशावर पडून राहतात. अशांसाठी याच कायद्याचे कलम १२७ आहे. अंतिम आराखडा अमलात येऊन १० वर्षे झाली, तरी जमीन घेतली नाही, तर मालक मालकीच्या कागदांसह नोटीस देऊ शकतो. नोटीस पोहोचल्यापासून २४ महिन्यांत जमीन संपादन झाली नाही किंवा त्या दिशेने कायदेशीर पाऊल पडले नाही, तर आरक्षण व्यपगत होते. सोप्या भाषेत, ते उठते. ही नोटीस मात्र वकिलाकडूनच लिहून घ्यावी.

पिवळे झाले म्हणजे सोने झाले काय?

जमीन पिवळ्या पट्ट्यात आली की गावात पेढे वाटले जातात. भाव वाढतो हे खरे. पण ओलिताची काळी जमीन एकदा काँक्रीटखाली गेली की ती परत मिळत नाही. शिवाय शहराला भाजी, दूध आणि फुले जवळून मिळतात ती याच रानांतून. पोट भरणाऱ्या जमिनीवर घरे आणि खडकाळ माळ मात्र ओस, असे नियोजन शहराच्याही हिताचे नाही. नदीकाठ हिरवा राखला नाही तर पुराचे पाणी घरांत शिरते, तेही आपण पाहतो.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ज्याची जमीन हिरव्यात राहिली त्याच्या शेजाऱ्याला कोटी मिळाले आणि याला पूर्वीचेच उत्पन्न राहिले, तर त्याच्या मनात डाचणारच. मग तो चोरून गुंठे विकतो. मुद्रांकाच्या कागदावर विसार पावती होते आणि कारखान्यातला एखादा कामगार आयुष्याची पुंजी घालून एक गुंठा घेतो. त्याला खरेदीखत मिळत नाही, बांधकामाची परवानगी मिळत नाही, रस्ता आठ फुटी आणि गटार उघडे. या माणसाला दोष देऊन भागत नाही. परवडणारी कायदेशीर घरे शहराने वेळेवर केली नाहीत, म्हणून तो येथवर आला.

अशा वस्त्यांसाठी शासनाने २००१ साली गुंठेवारीचा कायदा केला आणि १ जानेवारी २००१ पर्यंतचे भूखंड नियमित करण्याची सोय केली. पुढे ही तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविली. तुकडेबंदीच्या नियमांतही निवासी भागासाठी अलीकडे सवलती झाल्या आहेत. म्हणून "पुढेमागे नियमित होईलच" असे दलाल सांगतो. पण दंड, विकास शुल्क आणि भांडणे यांत जी वर्षे जातात, ती तो सांगत नाही. घेणारा अडचणीत आला की पहिल्यांदा विकणाऱ्याच्याच दारात येतो.

दूधवाल्याने केलेला कायदा

शहराच्या वाढीला स्पष्ट हद्द घालणे कोठे जमले आहे काय? अमेरिकेत ऑरेगन नावाचे राज्य आहे. तेथील विलामेट खोऱ्याची जमीन आपल्या कृष्णाकाठासारखी कसदार. साठ-सत्तरच्या दशकांत शहरे या खोऱ्यात पसरू लागली. हेक्टर मॅकफर्सन नावाचे दुग्धव्यवसाय करणारे शेतकरी तेथील विधिमंडळाचे सभासद होते. शेते अशीच तुकड्या-तुकड्यांनी विकली गेली तर शेती टिकायची नाही, हे त्यांनी ओळखले. गव्हर्नर टॉम मॅकॉल यांची त्यांना साथ मिळाली आणि १९७३ साली तसा कायदा झाला.

या कायद्यापुढे त्या राज्यातील प्रत्येक शहराला आपल्याभोवती वाढीची हद्द आखावी लागली. हद्दीच्या आत पुढील २० वर्षे पुरेल इतकी घरांची जागा असली पाहिजे आणि हद्दीबाहेर शेती व जंगल राखले पाहिजे. पोर्टलँड या मोठ्या शहराची हद्द १९७९ साली ठरली. ती ठराविक वर्षांनी तपासतात आणि गरज दिसली तरच वाढवतात. शहर संपले की थोड्याच अंतरावर शेते, फळबागा लागतात, असे दृश्य तेथे आजही आहे.

पण तेथेही सारे आलबेल नाही. हद्दीबाहेर अडकलेल्या जमीनमालकांनी तक्रार केली की आमची किंमत बुडाली, भरपाई द्या. २००४ साली लोकांनी मतदानाने तसा नियम मंजूर केला आणि त्याचे परिणाम पाहून २००७ साली पुन्हा मतदानानेच तो आवरता घेतला. हद्दीच्या आत घरे महागली, अशीही टीका होते. हद्द घालायची तर आत पुरेशी घरे दाटीने बांधू दिली पाहिजेत आणि बाहेरच्या शेतकऱ्याची शेती परवडली पाहिजे, हा धडा त्यातून घ्यावा. नुसता हिरवा रंग फासून शेती वाचत नाही. पाणी, वीज आणि मालाला भावही द्यावा लागतो.

एकट्याने विकायचे की मिळून विकसित करायचे?

जमीन घरांसाठी जाणारच असेल तर ती कशी जावी? आपल्याच राज्यात तीन वाटा दिसतात.

पहिली वाट सक्तीच्या संपादनाची. नवी मुंबई वसविण्यासाठी १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागातील ९५ गावांच्या जमिनी घेण्यास सुरुवात झाली. मोबदला तुटपुंजा होता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन झाले आणि जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात झालेल्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांचा बळी गेला. त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना पुढे आली. शहराच्या वाढीत शेतकऱ्याचा वाटा असला पाहिजे हे तत्त्व तेथे रक्त सांडून मान्य झाले.

दुसरी वाट नगररचना योजनेची. ही काही नवी नव्हे. मुंबई इलाख्यात १९१५ सालीच तिचा कायदा झाला होता. यात सर्वांच्या जमिनी एकत्र करतात, रस्ते, बागा आणि सोयींसाठी जागा काढतात, आणि उरलेली जमीन सरळ आकाराचे भूखंड पाडून ज्याची त्याला परत देतात. जमीन कमी होते पण प्रत्येक भूखंडाला रस्ता मिळतो, म्हणून किंमत वाढते. मुख्य म्हणजे एकाचीच सगळी जमीन रस्त्याखाली गेली आणि दुसरा मालामाल झाला, असे होत नाही. गुजरातने या पद्धतीचा मोठा उपयोग करून घेतला. अहमदाबादचा वळण रस्ता बऱ्याच अंशी अशा योजनांतून मिळालेल्या जमिनीवर झाला. पुण्याजवळ माण-म्हाळुंगे येथेही अशी योजना हाती घेण्यात आली.

तिसरी वाट शेतकऱ्यांनी स्वतः चालण्याची. हडपसरजवळच्या मगरपट्ट्यात शहर अंगावर आलेले दिसत होते. तेथील सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी सतीश मगर यांच्या पुढाकाराने आपली सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली, कंपनी काढली आणि ज्याची जितकी जमीन तितके त्याचे भाग ठरविले. जमीन विकून मोकळे होण्याऐवजी ते त्या नगराचे भागीदार झाले. कित्येकांच्या मुलांनी तेथेच निरनिराळी कामे कंत्राटाने घेतली. हे प्रत्येक गावाला जमेल असे नाही. त्याला भाऊबंदकी आवरावी लागते, हिशेब चोख लागतो आणि भरवशाचा पुढारी लागतो. पण एका बांधावर चार भावांनी चार दलालांना चार भाव सांगण्यापेक्षा ही वाट कितीतरी बरी.

घरात बसून बोलायची गोष्ट

पैसा आला की गाडी येते, बंगला येतो, लग्ने थाटात होतात आणि दहा वर्षांनी त्याच जमिनीवरच्या इमारतीत राखणदाराची नोकरी करावी लागते, अशी उदाहरणे शहरालगतच्या गावात हवी तेवढी सापडतील. म्हणून व्यवहाराची बोलणी ओट्यावर होण्याआधी स्वयंपाकघरात व्हावीत. घरातील बाईला जमीन गेल्यावर चूल कशावर पेटणार, हा प्रश्न आधी सुचतो. वडिलार्जित जमिनीत मुलींचा मुलांइतकाच हक्क आहे. महाराष्ट्रात तो १९९४ साली आला आणि २००५ साली देशभर लागू झाला. "बहिणीची सही नंतर घेऊ" म्हणून केलेले व्यवहार पुढे कोर्टात अडकतात. बहिणीला आधी विचारण्यात कायदाही आहे आणि नातेही आहे.

येत्या महिन्याभरात एवढे करा. सातबारा आणि आठ अ काढून नावे, क्षेत्र आणि फेरफार तपासा. वारसांची नोंद राहिली असेल तर ती करून घ्या. हद्दीबद्दल वाद असेल तर सरकारी मोजणी मागवा. नगररचना कार्यालयातून आपल्या गटाचा झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या, कोणाच्या तोंडच्या माहितीवर राहू नका. कुलमुखत्यारपत्र, साठेखत किंवा विकसन करारनामा वाचल्याशिवाय आणि आपल्या पसंतीच्या वकिलाला दाखविल्याशिवाय सही करू नका. विसार घेऊन वर्षानुवर्षे जमीन अडकवून ठेवणारे पुष्कळ आहेत. आणि गावातील एखाद्या शिकलेल्या मुला-मुलीकडे काम सोपवा, की रोजच्या वर्तमानपत्रातील जाहीर सूचना वाचायच्या आणि आपल्या गावाचे नाव दिसले की त्याच दिवशी चावडीवर लावायच्या.

बैल गेला आणि झोपा केला, असे होऊ देऊ नका. शहराला घरे हवीत, ती होऊ द्या. पण नकाशा टेबलावर पसरला असेल तेव्हा त्या टेबलाभोवती कसणाराही उभा असला पाहिजे. सूचना निघेल त्या दिवसापासून दिवस मोजा, अर्ज लिहा आणि पोहोच जपून ठेवा.